काचेच्या घरांचा बादशहा राहायचा जुन्या घरात!

इन्स्टाग्रामवर जंगलातलं काचेचं घर दिसलं की आपला हात आपोआप सेव्हकडे जातो. पांढरी चौकट, चारही बाजूंना झाडं, आत मोजकंच फर्निचर. या ड्रीम हाऊसचं मूळ शोधत गेलं की ज्या माणसापाशी आपण पोहोचतो, त्याच्याकडे आर्किटेक्चरची डिग्रीच नव्हती. त्याचं नाव लुडविग मीस व्हॅन डर रोहे.

मीसचा जन्म २७ मार्च १८८६ रोजी जर्मनीतल्या आखेन शहरात झाला. वडील दगडाचं काम करायचे आणि पोरगाही त्यातच तयार झाला. पुढे बर्लिन गाठून त्याने १९०७ मध्ये पहिलं घर बांधलं. गंमत म्हणजे ते एकदम पारंपरिक होतं, उतरत्या छपराचं! मग त्याने पीटर बेहरेन्स यांच्या ऑफिसात उमेदवारी केली. आपलं चंदीगड घडवणारे ल कॉर्ब्युझिए हेही याच ऑफिसात काम करून गेलेले.

भिंतीला दिली सुट्टी

जुन्या घरात भिंत म्हणजे नुसता आडोसा नसतो, छप्पर तीच पेलते. म्हणून ती जाड आणि खिडक्या लहान. मीसने हा सगळा भार पोलादी खांबांवर टाकला. भिंतीला काम उरलं नाही, मग तिच्या जागी काच का नको? १९२१ मध्ये त्याने बर्लिनसाठी काचेच्या गगनचुंबी इमारतीचं डिझाइन केलं, पण ते कागदावरच राहिलं. १९२९ मध्ये मात्र बार्सिलोनाच्या प्रदर्शनातल्या जर्मन पॅव्हेलियनने त्याचं नाव गाजलं. पाठोपाठ बर्नो शहरात तुगेनधात कुटुंबाचं घर उभं राहिलं. त्याच्या काही भल्यामोठ्या काचा मोटरवर चक्क जमिनीत सरकतात.

मीस बाउहाउस या प्रसिद्ध डिझाइन स्कूलचा शेवटचा संचालक. नाझींच्या दबावाखाली १९३३ मध्ये ती संस्था बंद पडली आणि १९३८ मध्ये तो शिकागोला आला. तिथे त्याने आर्किटेक्चर शिकवलं आणि कॉलेजचा कॅम्पसही डिझाइन केला.

स्वप्नातलं घर कोर्टात

१९४५ मध्ये त्याची ओळख डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्याशी झाली. त्या किडनीच्या डॉक्टर. त्यांना शिकागोबाहेर प्लेनो इथे, फॉक्स नदीकाठी वीकेंडसाठी घर हवं होतं. १९५१ मध्ये ते तयार झालं. आठ पोलादी खांब, पुराच्या भीतीने जमिनीपासून पाच फुटांहून उंच उचललेली फरशी आणि चारही बाजूंना काच. आत बाथरूम सोडली तर बंद खोली नाही.

फोटोत घर अप्रतिम, पण राहणं सोपं नव्हतं. उन्हाळ्यात ते तापायचं, थंडीत काचांवरून पाणी ओघळायचं. रात्री दिवा लावला की किडे गोळा. त्यात घर बघायला लोक यायचे ते वेगळंच. सुमारे ४० हजार डॉलरचा अंदाज ७० हजारांच्या पुढे गेला. पैशांवरून भांडण पेटलं, मीसने दावा लावला, डॉक्टरांनी उलट दावा केला. निकाल मीसच्या बाजूने लागला, शेवटी तडजोड झाली. दोघांची मैत्री मात्र कायमची तुटली. १९५४ मध्ये तर पुराचं पाणीही घरात शिरलं.

तरीही डॉक्टर तिथे वीसेक वर्षं येत-जात राहिल्या. काचेपलीकडची नदी, बर्फ, बदलणारे ऋतू यांची ओढ खोटी नव्हतीच. १९७२ मध्ये त्यांनी घर विकलं आणि इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या एका जुन्या व्हिलामध्ये राहायला गेल्या.

आणि मीस? शिकागोत लेक शोअर ड्राइव्हवर त्याने काचेचे दोन टॉवर उभे केले, पण त्यात तो राहायला गेला नाही. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या वळणाच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्येच तो राहिला. १७ ऑगस्ट १९६९ रोजी तो गेला, तोपर्यंत त्याचा पत्ता तोच होता.

म्हणून मीस लहान ठरत नाही. घराला इतका मोकळा श्वास घेता येतो, हे त्यानेच दाखवलं. पण जाड भिंतींचा गारवा, चार माणसांपासून मिळणारा आडोसा आणि कपाटाला टेकायला कोपरा या गोष्टी जुन्या घरांनी उगीच जपल्या नव्हत्या. डिझाइन शिकणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण घर काढतो एक आणि त्यात राहतो दुसराच.

प्लेनोचं ते घर आता म्युझियम आहे. २०२१ मध्ये त्याच्या नावात डॉक्टरांचं पूर्ण नाव आलं: एडिथ फार्न्सवर्थ हाऊस.