यकृताचा अंतर्वेध घेणाऱ्या डॉ. शीला शेरलॉक

यकृत आजारी पडले तरी दीर्घकाळ तक्रार करीत नाही. जुनाट हेपॅटायटिसमध्ये दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि रुग्णाला त्रास जाणवू लागतो तेव्हा अनेकदा सिऱ्होसिसने यकृत ग्रासलेले असते. ही हानी वेळीच ओळखायची कशी, या प्रश्नाचा डॉ. शीला शेरलॉक यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

त्यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिन येथे झाला. स्त्री असल्याने लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना प्रवेश मिळाला नाही. अखेर एडिंबरा विद्यापीठाने दार उघडले आणि १९४१ मध्ये त्या तेथून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखाली त्या काम करू लागल्या. महायुद्धाच्या त्या काळात सैनिकांमध्ये कावीळ बळावली होती. पित्तनलिकेत कफ अडकल्याने कावीळ होते, असा समज तेव्हा रूढ होता. सुईने जिवंत रुग्णाच्या यकृताचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह अवलंबिली. मूळ दोष यकृताच्या पेशींतील दाहात असल्याचे १९४३ च्या त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

१९५५ मध्ये त्यांचा यकृतविकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. १९५९ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयात त्यांची नियुक्ती झाली. ब्रिटनमधील त्या पहिल्या महिला वैद्यक प्राध्यापक ठरल्या. सुईने कीर्ती मिळवून दिली, तरी त्या सुईपाशी थांबल्या नाहीत. १९६५ मध्ये डेबोरा डोनियाक आदींच्या साथीने त्यांनी प्रायमरी बिलियरी सिऱ्होसिस ओळखणारी प्रतिपिंडाची रक्तचाचणी पुढे आणली. जुनाट हेपॅटायटिसच्या एका प्रकारात प्रेडनिसोलोनमुळे रुग्णांचे प्राण वाचतात, हे त्यांच्या गटाने १९७१ मध्ये चाचणीद्वारे दाखवून दिले. दाह वेळीच ओळखण्याचे मोल त्यातून अधोरेखित झाले.

सुईच्या मर्यादाही होत्याच. तुकडा यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा, शिवाय रक्तस्रावाचा धोका. त्यामुळे रक्तातूनच हानीचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न वाढले. पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारी विकरे आणि यकृत कठीण होऊ लागल्यावर घटणाऱ्या प्लेटलेट यांवर आधारित निर्देशांक २००३ आणि २००६ मध्ये मांडले गेले. रक्तातील दाहनिदर्शक घटक हानीचे भाकीत करू शकतील काय, याचाही अभ्यास होत आला आहे. मात्र असे निर्देशांक खरे की खोटे, हे दीर्घकाळ सुईने काढलेल्या त्या तुकड्यावरूनच ठरविले गेले.

१९७८ मध्ये त्यांना 'डेम' किताब मिळाला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मात्र २००१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी लाभले. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. एकेकाळी दार बंद करणाऱ्या लंडनमध्येच त्यांच्या हाताखाली देशोदेशीचे यकृततज्ज्ञ घडले.