दुष्काळ, दैवी शासन आणि कृपा : पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा एक अन्वयार्थ

१

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनाचा आणि लेखनाचा विचार मराठीत प्रामुख्याने स्त्रीसुधारणा आणि धर्मांतर या दोन अंगांनी झालेला आहे. या दोन्ही अंगांना जोडणारे एक तिसरे सूत्र मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. ते म्हणजे दुष्काळ. रमाबाईंच्या आयुष्याची पहिली मोठी हानी दुष्काळाने घडवली आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याचे निमित्तही दुष्काळच ठरला. या दोन दुष्काळांच्या दरम्यान सुमारे बावीस वर्षांचे अंतर आहे. आपत्ती हे पापाबद्दलचे दैवी शासन असते काय, या प्रश्नाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या अवधीत बदलली. हा बदल कसा घडला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे त्यांच्या चरित्रक्रमातून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव परंपरेतील विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकावे हे त्यांचे मत त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवून आचरणात आणले, आणि त्यासाठी उडुपी येथील पंडितांपुढे शास्त्राधार मांडून आपली बाजू सिद्ध केली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर निर्वाह करीत देशभर हिंडू लागले. रमाबाईंना संस्कृतचे धडे मिळाले ते आईकडून, आणि तेही या भ्रमंतीतच.

मद्रास इलाख्यातील भीषण दुष्काळाचा कळस १८७६–७७ मध्ये झाला. परंतु त्याची झळ त्यापूर्वी दोन-तीन वर्षे लागू लागली होती. रमाबाईंनी या काळाचा वृत्तान्त पुढे १८९७ मध्ये लिहून ठेवला. त्यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अन्नाची टंचाई जाणवू लागली तेव्हा कुटुंबाने शिल्लक पैसा धान्यावर न राखता देवकार्यावर आणि ब्राह्मणभोजनावर खर्च केला. संकट देवाच्या अवकृपेने आले आहे, तेव्हा देव प्रसन्न झाल्याविना ते टळणार नाही, ही त्यामागील श्रद्धा होती. पैसा संपल्यावर दागिने गेले, वस्त्रे गेली, भांडी गेली. उपास, जप, प्रदक्षिणा चालूच होत्या. अखेर तिरुपतीच्या परिसरातील रानात पाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. मजुरी करणे किंवा भीक मागणे कुळाच्या प्रतिष्ठेला सोसणारे नव्हते. दृष्टी गमावलेल्या वृद्ध अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याची तयारी दाखवली आणि तो बेत मागे पडला. पण उशीर झाला होता. वडील गेले, काही काळाने आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेसे मिळेनात. रमाबाईंची उंची इतरांना जुळेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

या प्रसंगाकडे केवळ अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. अनंतशास्त्रींचा तर्क आपल्या चौकटीत सुसंगत होता. आपत्ती हा हिशोब असेल, तर तो पुण्याने चुकता करावयाचा. शोकांतिका अशी की हिशोब मांडणाऱ्या माणसाजवळ देण्याजोगे काहीच उरले नाही, तरी देणे संपले नाही.

३

पुढे बहीणभाऊ पायी उत्तर हिंदुस्थान हिंडून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी रमाबाईंचा आंतरजातीय विवाह झाला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पती पटकीने गेले आणि लहानग्या मनोरमेसह वैधव्य पदरी आले. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनीसंघाचे कार्य त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी करतात, याचे त्यांना नवल वाटले. शोमरोनी स्त्रीशी झालेल्या ख्रिस्ताच्या भेटीचा वृत्तान्त त्यांच्या मनात खोल रुतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांचा स्वीकार निमूट नव्हता. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या प्रश्नांवर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रवाद झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बाप्तिस्म्यापेक्षाही १८९१ च्या सुमारास आलेला अनुभव महत्त्वाचा आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. तारण हे पात्रतेचे फळ नसून अपात्राला मिळणारे दान आहे, हा कृपेचा अर्थ त्यांनी तेव्हा आत्मसात केला. ज्या मुलीने आईवडिलांना पुण्यसंचयाच्या आशेवर सर्वस्व गमावताना पाहिले, तिला या सिद्धान्ताचे मोल केवळ तात्त्विक नव्हते.

४

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वऱ्हाडातील वरूडच्या उत्तरेकडील बैतूल आणि छिंदवाडा हे जिल्हे तेव्हा याच प्रांतात मोडत. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपाशी आणि निराधार मुलींना पाहून त्यांना आपलेच बालपण आठवले. सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना त्यांनी आणले आणि त्यातून केडगाव येथे ‘मुक्ती’ उभे राहिले. १८९९–१९०० च्या, म्हणजे लोकस्मृतीतील ‘छप्पनच्या’ दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

येथे पवित्र शास्त्रातील भूमिकेचे स्मरण आवश्यक आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखामागे पाप शोधतात आणि अखेर देव त्यांनाच दोषी ठरवतो. जन्मांधाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे तो सांगतो. पण त्याच श्वासात ऐकणाऱ्यांना पश्चात्तापासही बोलावतो. पाऊस धार्मिक आणि अधार्मिक दोघांवर पडतो, हे तर दुष्काळी प्रदेशातील श्रोत्याला थेट भिडणारे वचन आहे. सारांश, न्यायाची कल्पना शुभवर्तमानात टिकून आहे. मात्र पीडिताकडे बोट दाखवून त्याचा गुन्हा ठरवण्याचा अधिकार माणसाला नाही.

रमाबाईंची कृती या भूमिकेशी जुळते. मुलींना घेताना त्यांनी कुळ, जात वा पूर्वचरित्र यांची पात्रता लावली नाही. मानवी जबाबदारीवरही त्यांनी दैवाचा पडदा टाकला नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने जी सरकारी व्यवस्था राबवली गेली, तिच्यात स्त्रियांची झालेली हेळसांड त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केली. साथ देवाने धाडली असेल वा नसेल, रुग्णालयातील बेपर्वाई माणसाची होती.

५

तथापि हे चित्र एकरंगी नाही. रमाबाईंच्या लेखनातून देवाच्या न्यायाची भाषा कधी नाहीशी झाली नाही, आणि १९०५ मध्ये मुक्तीतील संजीवनाच्या वेळी पापाची तीव्र जाणीव हाच अनुभवाचा गाभा होता. शिवाय, उपाशी मुलीला अन्नाबरोबर धर्म देणे ही निरपेक्ष कृपा म्हणावी काय, हा टीकाकारांचा प्रश्न टाळता येत नाही. शारदा सदनातील धर्मशिक्षणावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होतेच. अट नसलेले दान आणि दात्याविषयीची श्रद्धा यांतील हा ताण रमाबाईंनी सोडवला नाही. त्या तो जगल्या. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तेव्हाही त्यांनी हाती घेतलेले बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले; मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा प्रश्न रमाबाईंबरोबर संपला नाही. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध नोंदवला. गांधीजींचा हेतू सवर्णांच्या आत्मपरीक्षणाचा होता. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत अस्पृश्यही होते. वऱ्हाडलाही हा विवेक आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात येथील ज्वारीच्या जमिनीवर कापूस पसरला आणि रेल्वेने तो बाहेर नेला; त्यामुळे दुष्काळात प्रश्न केवळ पावसाचा राहिला नाही, धान्याच्या भावाचा आणि मजुरीचाही झाला. अलीकडच्या दशकांत वरूड-मोर्शीच्या संत्राबागांखालील भूजल अतिउपशाने खोल गेले. अशा ठिकाणी ‘कोप’ हा शब्द वापरला की शेतकरी गुन्हेगार ठरतो, आणि धोरणांची झडती राहून जाते.

अनंतशास्त्रींनी दुष्काळाला विचारले, आमचे काय चुकले? त्यांच्या कन्येने दुसऱ्या दुष्काळात विचारले, मागे कोण उरले आहे? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधी घर संपले. दुसऱ्याच्या उत्तरातून केडगावात एक घर उभे राहिले. रमाबाईंच्या चरित्रातील कृपेचा अर्थ या दोन प्रश्नांमधील अंतरात शोधावा लागतो.