पावसाळा सरताना माली देशात : इब्न बतूता यांची अखेरची मुशाफिरी

भाद्रपद सरत आला की आपल्या खेड-चाकणच्या शिवारात बाजरीची कणसे भरतात. कारखान्यांच्या कुंपणालगत उरलेल्या एखाद्या तुकड्यात पाखरे हाकणारा पोरगा अजूनही दिसतो. ही बाजरी मूळची आपली नव्हे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेत, आजच्या माली देशाच्या आसपास, ती पेरली जाऊ लागली व पुढे आपल्याकडे आली. त्याच माली देशात इ. स. १३५२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस अठ्ठेचाळीस वर्षांचा एक मुसाफिर दोन महिन्यांच्या दुखण्यातून उठत होता. त्यांचे नाव इब्न बतूता. शाळेच्या पुस्तकात महंमद तुघलकाच्या धड्यात त्यांचे नाव एका ओळीपुरते येते आणि परीक्षा झाली की विसरले जाते. म्हणून आज त्यांची थोडी अधिक ओळख करून देतो.

इब्न बतूता यांचा जन्म फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतील टँजियर या बंदरगावी, काझींच्या घराण्यात झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, जून १३२५ मध्ये, हजच्या इराद्याने त्यांनी एकट्यानेच घर सोडले. हज घडले, परंतु पाय घराकडे वळले नाहीत. इराक, इराण, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान, कॉन्स्टँटिनोपल असे फिरत ते सिंधू ओलांडून दिल्लीस पोहोचले. सुलतान महंमद तुघलक याने त्यांना काझी नेमले व वर्षास बारा हजार दिनारांचा तनखा बांधून दिला.

इ. स. १३४२ मध्ये सुलतानाने त्यांना चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले, आणि याच वाटेवर त्यांचे पाय आपल्या महाराष्ट्रास लागले. दौलताबादचा किल्ला, तेथील गवयांचा बाजार व किल्ल्याच्या अंधारकोठडीतील अवाढव्य उंदीर त्यांनी वर्णिले आहेत. नंदुरबारास त्यांना मराठे लोक भेटले. हे लोक कारागिरीत, वैद्यकीत व ज्योतिषात निष्णात आहेत, भात, भाजी व तिळाचे तेल खातात, जिवास इजा करणे त्यांना आवडत नाही, असे त्यांनी नोंदविले. पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्या मुलखाविषयी इतक्या आपुलकीने लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात जहाज फुटले, चीनसाठी नेलेले नजराणे बुडाले. सुलतानाच्या धाकाने ते दिल्लीस परतलेच नाहीत. मालदीवमध्ये काही काळ काझी होऊन, पुढे सिंहलद्वीप, बंगाल व चीन करून ते १३४९ मध्ये मायदेशी आले. तोवर वडील निवर्तले होते, आणि प्लेगने आईसही काही महिन्यांपूर्वीच नेले होते. चोवीस वर्षांनी परतलेल्या मुलास घरी वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

दुसरा कोणी असता तर आता स्वस्थ बसला असता. परंतु फेब्रुवारी १३५२ मध्ये सिजिलमासा या गावाहून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर ते सहारा वाळवंटात शिरले. पंचवीस दिवसांनी तगाझा हे मिठाच्या खाणींचे गाव लागले. तेथे घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्यांचे छप्पर! झाड औषधालाही नाही. मीठ खणणारे सारे गुलाम होते. तेच मीठ दक्षिणेस सोन्याच्या मोलाने विकले जाई व त्याचे तुकडे नाण्यांसारखे चालत. पुढे दहा दिवस पाण्याचा टिपूस नव्हता. तांड्याच्या पुढे एक वाटाड्या पत्रे घेऊन जाई आणि मग समोरच्या गावचे लोक चार मजला पाणी घेऊन सामोरे येत. तो वाटाड्या वाटेत दगावला, तर तांडाही दगावण्याची भीती.

पहिले गाव वलाता. सुलतानाचा अधिकारी त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलला. पाहुणचारात मिळाली मध-दुधात कालवलेली बाजरीची भरड, तीही भोपळ्याच्या अर्ध्या करटीत. आमचे इब्न बतूता रुसले! येथूनच परतावे, असे त्यांच्या मनात आले. दिल्लीच्या दरबारात मानमरातब भोगलेल्या माणसाची ही घमेंड होती, असे मला स्पष्ट वाटते. शेतकऱ्याच्या घरी आल्यागेल्याला भाकरी पुढे करतात, त्यात अपमान कसला? मात्र राग आला तरी त्यांचे डोळे मिटत नसत. येथे वारसा बापाकडून नव्हे, तर मामाकडून भाच्याकडे जातो, ही गोष्ट त्यांनी टिपली आणि अशी रीत आपण फक्त हिंदुस्थानात मलबारातच पाहिली, असेही नमूद केले.

वलात्याहून राजधानीस चोवीस दिवसांची वाट. मुलूख इतका निर्धास्त, की सोबतीची गरज नसे. वाटेवर प्रचंड वृक्ष होते. आपण ज्यास गोरख चिंच म्हणतो तेच ते असावेत. त्यांतील एकाच्या पोकळ बुंध्यात एक विणकर माग मांडून बसला होता. नायजर नदीकाठचा एक प्रसंग मुलांना सांगितला की वर्ग हसून हसून लोटपोट होतो. मुसाफिर विधीस बसले असता एक मनुष्य मुद्दाम येऊन त्यांच्या व नदीच्या मध्ये उभा राहिला. काय हा निर्लज्जपणा, असे त्यांना वाटले. मागाहून कळले, की जवळच मगर होती व तो भला माणूस तिच्या आड उभा राहिला होता.

१४ जमादिलअव्वल ७५३, म्हणजे जून १३५२ च्या अखेरीस, ते राजधानीत पोहोचले. आपल्यासारखाच तेथेही जूनपासून पाऊस असतो. दहाव्या दिवशी अळूच्या कंदासारख्या पदार्थाची आमटी सहा सोबत्यांनी खाल्ली. सहांपैकी एक जण मरण पावला. इब्न बतूता पहाटेच्या नमाजात बेशुद्ध पडले. एका मिसरी गृहस्थाने औषध देऊन ओकारी काढली म्हणून जीव वाचला, पण दोन महिने अंथरूण सुटले नाही. परक्या गावी, परक्या भाषेत, त्यांचा सारा पावसाळा असा गेला.

बरे झाल्यावर सुलतान मन्सा सुलेमानकडून भेट येत असल्याचा निरोप आला. खिलत व मोहरा येतील म्हणून ते सावरून उभे राहिले. आले काय? तीन रोट्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळाभर दही! त्यांना हसू आवरेना. मग रमजानात, जो त्या वर्षी ऑक्टोबरात आला होता, त्यांनी दरबारात उभे राहून गाऱ्हाणे घातले. आपण जगातले राजे पाहिले, येथे चार महिने झाले, मायदेशी जाऊन तुमच्याविषयी काय सांगावे, असा त्यांचा रोख होता. सुलतानाने घर व खर्च दिला, सत्ताविसाव्या रात्री तेहतीस मिस्काल सोने, व निरोपाच्या वेळी शंभर. एक मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. तरीही सुलतान कंजूषच, हे मत त्यांनी काही बदलले नाही.

परंतु याच रुसलेल्या लेखणीने त्या लोकांचा न्याय मोठ्या मनाने उतरविला आहे. येथे जुलूम फार थोडा, चोरांचे भय नाही, परदेशी पाहुणा मरण पावला तर वारस येईतो त्याचे धन विश्वासू माणसाकडे राखून ठेवतात, आणि जुम्यास एकच सदरा असला तरी तो स्वच्छ धुऊन घालतात. काझीच्या घरी ईदच्या दिवशी मुलांच्या पायांत बेड्या दिसल्या. कुराण पाठ होईतो त्या निघत नसत. ही रीत त्यांनी गुणांत गणली. शिक्षक म्हणून माझा त्यांच्याशी येथे मतभेद आहे. बेडीने पाठांतर होईल, गोडी लागणार नाही.

फेब्रुवारी १३५३ मध्ये त्यांनी राजधानी सोडली. नायजरमध्ये पाणघोडे पाहून त्यांना प्रथम हत्तीच वाटले. टिंबक्टू, गाव ही शहरे पाहून ते तकद्दा येथे आले. तेथे मोरोक्कोच्या सुलतानाचा परत येण्याचा हुकूम मिळाला. दुसरा पावसाळा सरत असता, ११ सप्टेंबर १३५३ रोजी, ते एका तांड्याबरोबर उत्तरेस निघाले. त्या तांड्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. ही संख्या त्यांनी बिनदिक्कत लिहिली, त्यांच्या दुःखावर एक ओळही नाही. स्वतःही ते गुलाम बाळगीत. थोर माणसाच्या चरित्रात ही गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

अॅटलास पर्वतातील बर्फ तुडवीत ते फेज शहरी पोहोचले. सुलतानाच्या आज्ञेने इब्न जुझय या लेखकास त्यांनी सारा प्रवास सांगितला व डिसेंबर १३५५ मध्ये तो पुरा झाला. पुढे मोरोक्कोतच काझी असताना १३६८-६९ च्या सुमारास ते वारले. १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसला मूळ अरबी ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह छापला गेला, तर हिंदुस्थानाविषयीच्या भागाचे महदी हुसेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये बडोद्याहून निघाले. त्यांच्या चीनच्या वर्णनाविषयी विद्वान शंका घेतात. मालीची गोष्ट वेगळी आहे. त्या साम्राज्याच्या भरभराटीच्या काळी तेथे जाऊन, डोळ्यांनी पाहून केलेले वर्णन म्हणून इतिहासकार आजही याच पानांकडे वळतात, आणि त्यांत ती भोपळ्यातली बाजरीही आहे.