दीनानाथ दलाल

दीनानाथ दामोदर दलाल (३० मे, १९१६:मडगाव, गोवा - १५ जानेवारी, १९७१) हे मराठी चित्रकार, मुखपृष्ठकार आणि 'दीपावली' या दिवाळी अंकाचे संस्थापक-संपादक होते.

जीवन

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेले दलाल कलाशिक्षणासाठी मुंबईस आले. पुढे त्यांनी 'दलाल आर्ट स्टुडिओ' या नावाने स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि प्रकाशक व नियतकालिकांसाठी मुखपृष्ठे, कथाचित्रे, व्यंगचित्रे व शीर्षकांची अक्षररचना अशी सर्व तऱ्हेची कामे केली. चित्राच्या कोपऱ्यातील 'दलाल' ही सही वाचकांना लेखकाच्या नावाइतकीच ओळखीची झाली.

मुखपृष्ठे

त्या काळी मुखपृष्ठे बहुधा धातूच्या ठशांवरून छापली जात. प्रत्येक वाढीव रंगासाठी वेगळा ठसा करावा लागे व त्यामुळे खर्च वाढे. दलालांनी या अडचणीतूनच मार्ग काढला. मोजके सपाट रंग, लयदार बाह्यरेषा आणि चित्राचाच भाग होऊन येणारी अक्षरे यांवर त्यांची अनेक मुखपृष्ठे उभी आहेत. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती' या ग्रंथातील चित्रे त्यांचीच. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीचे मुखपृष्ठही त्यांनी केले. मराठी वाचकाच्या मनातील कर्णाचे रूप घडवण्यात या मुखपृष्ठाचा वाटा मोठा आहे.

शैली व प्रेरणा

अजिंठ्याची भित्तिचित्रे तसेच राजपूत व मुघल लघुचित्रे यांचा प्रभाव त्यांच्या रेषेत स्पष्ट दिसतो. आधुनिक पाश्चात्त्य चित्रकलेकडेही त्यांचे लक्ष होते. एकच एक शैली त्यांनी धरून ठेवली नाही. ऐतिहासिक, विनोदी व काव्यात्म अशा मजकुराप्रमाणे त्यांची रेषा बदलते. त्यांचे समकालीन आणि गोव्याचेच असलेले रघुवीर मुळगावकर यांच्या गुळगुळीत, तुषारफवाऱ्याने रंगवलेल्या चित्रांशेजारी दलालांचे जलरंग ठेवले की हा फरक चटकन ध्यानात येतो.

दीपावली

'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत दलालांनी १९४५ साली 'दीपावली'ची भर घातली. येथे ते कोणाच्या मागणीनुसार नव्हे, तर स्वतःच्या आवडीच्या विषयांवर रंगवू शकत. अंकातील रंगीत चित्रे कापून, चौकटीत बसवून घराच्या भिंतीवर लावण्याची रीत अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत होती.

मूल्यमापन

'व्यावसायिक चित्रकार' या शिक्क्यामुळे कलासमीक्षेत दलालांची दखल त्यांच्या लोकप्रियतेच्या मानाने कमी घेतली गेली. नव्या आवृत्तीला नवे वेष्टन चढले की जुने मुखपृष्ठ सहज नाहीसे होते, त्यामुळे त्यांच्या कामाचा अभ्यास पुष्कळदा जुन्या आवृत्त्यांवरच अवलंबून राहतो. 'दीपावली' मात्र त्यांच्या निधनानंतरही प्रसिद्ध होत राहिला.