चित्राची भाषा शिकवणारा गणिती : गास्पार मोंज

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ज्या विषयाची हमखास धास्ती वाटते, तो म्हणजे इंजिनीअरिंग ड्रॉइंग. एकाच लोखंडी ठोकळ्याचे समोरून दिसणारे रूप वर, वरून दिसणारे रूप त्याखाली, आणि या दोन सपाट चित्रांवरून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची. ही विद्या शास्त्रशुद्ध पायावर उभी करून वर्गात शिकवण्याजोगी केली ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने.

मोंज यांचा जन्म ९ मे १७४६ रोजी फ्रान्समधील बोन या गावी एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी झाला. १७६४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मोजणीची उपकरणे स्वतःच बनवून त्यांनी आपल्या गावाचा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला आणि मोंज यांना मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात नेण्यात आले. मात्र तिथे विद्यार्थी होण्यासाठी उच्च कुळ लागे. व्यापाऱ्याच्या मुलाच्या वाट्याला आले ते आराखडे काढण्याचे आणि प्लास्टरचे नमुने बनवण्याचे काम.

एकदा त्यांच्याकडे किल्ल्याच्या तटबंदीचा आराखडा आला. सभोवतालच्या उंचवट्यांवरून शत्रूच्या तोफांचा मारा आत पोचणार नाही, अशा बेताने तटाची उंची ठरवायची होती. त्यासाठी लांबलचक आकडेमोड करण्याची रीत होती. मोंज यांनी ती टाळून भूमितीच्या आधारे उत्तर काढले. इतक्या लवकर हे काम होणेच शक्य नाही, असे म्हणून अधिकाऱ्याने आधी ते तपासायलाही नकार दिला. अखेर तपासले, तेव्हा ते बिनचूक निघाले.

मोंज यांची युक्ती साधी होती. खोलीची भिंत आणि जमीन एकमेकींशी काटकोनात असतात. मधल्या वस्तूची एक आकृती भिंतीवर उमटवायची, दुसरी जमिनीवर. मग भिंत मागे आडवी पाडून जमिनीच्या पातळीत आणायची. दोन्ही आकृत्या एकाच कागदावर येतात आणि वस्तूची खरी लांबी, कोन, छेद हे सारे त्यांवरून काढता येते. दगड घडवणारे पाथरवट आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या असे काही आडाखे वापरत होतेच. मोंज यांनी त्यामागचे समान सूत्र शोधले. हीच वर्णनात्मक भूमिती.

१७६९ पासून ते त्याच विद्यालयात गणित शिकवू लागले. ज्यांच्या रांगेत बसण्याचा हक्क त्यांना नव्हता, ते आता त्यांच्यापुढे बसत होते. पण ही पद्धत लष्करी गुपित मानली जाई आणि विद्यालयाबाहेर ती शिकवण्यास मनाई होती.

१७८९ च्या राज्यक्रांतीने ही कुलुपे उघडली. १७९२-९३ मध्ये मोंज नौदलमंत्री झाले, परंतु त्यांचे मन रमले ते शिक्षणात. १७९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे एकोल पॉलिटेक्निक या नावाने ख्यातकीर्त झालेल्या संस्थेचे ते एक शिल्पकार. तिथे प्रवेश कुळावर नव्हे, परीक्षेवर मिळे. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्यांनी भावी शिक्षकांपुढे आपली भूमिती खुली केली. या शिक्षकांनी आपापल्या जिल्ह्यांत जाऊन इतरांना शिकवावे, अशी योजना होती. कारागिराला आणि अभियंत्याला एकच चित्र वाचता आले, तरच देशाचे उद्योग सुधारतील, ही त्यांची धारणा होती. ही व्याख्याने १७९९ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांच्या संस्थेत शिकलेल्या क्लोद क्रोझे यांनी हा विषय अमेरिकेतील वेस्ट पॉइंटला नेला आणि १८२१ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले.

नेपोलियनच्या पाडावानंतर मात्र त्याचे स्नेही असलेल्या मोंज यांच्यावर सूड उगवला गेला. १८१६ मध्ये फ्रान्सच्या विद्वत्परिषदेतून त्यांचे नाव वगळण्यात आले. २८ जुलै १८१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची परवानगी मिळाली नाही. सुट्टी मिळताच ते एकत्र जमून आपल्या गुरूच्या समाधीवर गेले.

१९८९ मध्ये फ्रान्सने त्यांचे अवशेष सन्मानाने पँथिऑनमध्ये हलवले. ड्रॉइंग बोर्डाची जागा आता संगणकाने घेतली आहे. तरीही दोन सपाट आकृत्यांतून वस्तू पाहण्याची नजर विद्यार्थ्याला स्वतःच कमवावी लागते, आणि ती कमवण्याची वाट एका व्यापाऱ्याच्या मुलाने सर्वांसाठी खुली केली.