तारेआधीची तार : क्लोद शाप

आडनाव शाप असले तरी वाचकांनी मराठी अर्थ मनात आणू नये. फ्रेंच उच्चारच तसा आहे. क्लोद शापचा जन्म 25 डिसेंबर 1763 रोजी फ्रान्समधल्या ब्रूलों या लहानशा गावी झाला. काका खगोलशास्त्रज्ञ, शुक्राचे अधिक्रमण पाहायला थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेलेले आणि तिथेच वारलेले. घरात विज्ञानाची आवड असली तरी क्लोदचे शिक्षण धर्मगुरू होण्यासाठीच झाले. चर्चकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर प्रयोग चालत. 1789 ची राज्यक्रांती आली आणि ते उत्पन्न गेले. पोटाचा उद्योग बुडाल्यावर पाच भाऊ घरी जमले आणि निरोप दूर पाठवण्याच्या खटपटीला लागले.

आधी त्याने विजेचा विचार केला, पण तारेवर चांगले आवरण मिळेना. मग आवाज वापरून पाहिला, तो फार दूर जाईना. शेवटी डोळ्यांवर भिस्त ठेवली. 2 मार्च 1791 रोजी ब्रूलों आणि पार्से या गावांमध्ये, सुमारे 15 किलोमीटरवर, घड्याळे आणि काळ्यापांढऱ्या फळ्या वापरून निरोप गेला, आणि गावच्या अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या.

पॅरिसमध्ये मात्र वेगळेच घडले. 1792 मध्ये बेलव्हिल इथे उभारलेले यंत्र जमावाने नष्ट केले. राजा तेव्हा कैदेत होता आणि हे हातवारे त्यालाच चालले आहेत, असा लोकांचा संशय. त्या दिवसांत असल्या संशयाने माणसाचे डोकेही जात असे. तरी भावांनी काम सोडले नाही. थोरला इग्नास विधिमंडळात सभासद होता, त्याचा उपयोग झाला. आमच्या मते ओळख नसती तर हा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला असता. 12 जुलै 1793 रोजी सरकारी समितीसमोर चाचणी यशस्वी झाली आणि क्लोद सरकारी टेलिग्राफ अभियंता झाला.

यंत्र असे होते. इमारतीच्या माथ्यावर खांब, त्यावर मधोमध फिरणारी लांब आडवी दांडी, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक लहान हात. खाली बसलेला माणूस दोऱ्या ओढून हे तिन्ही फिरवी. दांडीच्या 2 अवस्था आणि प्रत्येक हाताच्या 7, मिळून 98 खुणा. त्यांतल्या 6 कामकाजाच्या सूचनांसाठी राखून 92 उरल्या. सांकेतिक पुस्तकाची पाने 92, प्रत्येक पानावर ओळी 92. पहिली खूण पान सांगे, दुसरी ओळ. म्हणजे दोन खुणांत 8,464 शब्दांतला कोणताही पाठवता येई. आमच्या पिढीने रेल्वे स्टेशनाबाहेर खांबावरचा हात पडताना पाहिला आहे. तो हात दोनच गोष्टी सांगे, थांबा किंवा या.

प्रत्येक मनोऱ्यावर दुर्बिणी असत. शेजारच्या मनोऱ्याची खूण पाहायची, तशीच आपल्या यंत्रावर करायची आणि पुढच्याने ती बरोबर घेतली की नाही हे तपासायचे. अर्थ मात्र दोन टोकांच्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक. मधल्याने कागद घ्यावा, पुढे सरकवावा, वाचू नये. आम्हां सरकारी नोकरांना यात नवल वाटायचे कारण नाही.

1794 मध्ये पॅरिस ते लील हा सुमारे 230 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. घोडेस्वाराला जवळजवळ एक दिवस लागे, तिथे चांगल्या हवेत एक खूण काही मिनिटांत पोचू लागली. ऑगस्ट अखेरीस कोंदे शहर ऑस्ट्रियनांकडून परत घेतल्याची बातमी अशीच आली. सभेने शहराचे नवे नाव ठरवून सैन्याला अभिनंदन कळवले, आणि निरोप पोचल्याची खूण बैठक उठायच्या आत परत आली. तिथून पुढे संशय घेणारे गप्प झाले. धुके, पाऊस आणि रात्र यांना मात्र क्लोदकडे इलाज नव्हता.

टेलिग्राफ हा शब्दही याच यंत्रासाठी घडवला गेला. ग्रीक मुळातून त्याचा अर्थ दूरलेखन. आपण मराठीत त्याला तार म्हणतो, पण पहिल्या टेलिग्राफात तार नव्हतीच!

यशाबरोबर वाटेकरी आले. ही कल्पना आमचीच, जुनीच, असे म्हणणारे निघाले. ज्या नामांकित घड्याळजी ब्रेगेने यंत्र घडवायला मदत केली, त्यानेच बेतांकूर या अभियंत्याबरोबर दुसरे यंत्र पुढे केले. दूरवर खुणा करण्याची कल्पना जुनी होती हे खरे; पण कल्पना सुचणे वेगळे आणि मनोरे, माणसे व सांकेतिक पुस्तक जमवून रोज निरोप पोचवणे वेगळे. हे श्रेय क्लोदचेच, असे आम्हांला वाटते. त्याला स्वतःला मात्र हे आरोप सहन झाले नाहीत. दुखणे आणि खिन्नता वाढत गेली. 23 जानेवारी 1805 रोजी पॅरिसमधल्या आपल्याच टेलिग्राफ कचेरीच्या विहिरीत त्याने जीव दिला. वय 41.

खाते भावांनी पुढे चालवले. विजेची तार येईपर्यंत फ्रान्सभर पाचशेहून अधिक मनोरे उभे राहिले होते. 1893 मध्ये पॅरिसमध्ये त्याचा यंत्रासह ब्राँझचा पुतळा बसवला गेला. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, धातूसाठी तो वितळवण्यात आला.