चूक न लपविणारे गणिती : लुईस फ्राय रिचर्डसन



उद्या पाऊस पडेल की नाही, हे आपण टीव्हीवर ऐकतो. असा अंदाज गणिताने काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न करणारे लुईस फ्राय रिचर्डसन ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जन्मले. त्यांचे घराणे युद्धविरोधी क्वेकर पंथाचे होते.

पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र घेतले नाही. १९१६ मध्ये ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या रुग्णवाहिकेवर गेले. फावल्या वेळात, गवताच्या ढिगाचे टेबल करून, २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित ते हाताने करीत. युरोपच्या नकाशावर त्यांनी चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाचे उत्तर शेजारच्या चौकोनाच्या आकड्यांवर अवलंबून होते. म्हणजे एकाची चूक सर्वांत पसरणार!

सुमारे सहा आठवड्यांच्या परिश्रमानंतर उत्तर आले : सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ बदललाच नव्हता. दुसरा कोणी असता तर ती वही फाडून टाकता. रिचर्डसन यांनी मात्र १९२२ मध्ये आपल्या ग्रंथात हे चुकलेले उत्तर संपूर्ण गणितासह छापले.

म्हणूनच पुढच्या शास्त्रज्ञांना चूक शोधता आली. सुरुवातीला घेतलेले वारा आणि दाब यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. तो विसंवाद दूर करताच त्याच पद्धतीने उत्तर ठीक आले.

चूक मोजण्याची एक युक्तीही त्यांनी दिली. तेच गणित आधी मोठ्या टप्प्यांनी आणि मग लहान टप्प्यांनी करावे. दोन उत्तरांतील फरकावरून चूक किती, याचा अंदाज येतो. आज हवा आणि समुद्र यांची वेगवेगळी संगणकीय गणिते एकमेकांना जोडतात. एकाची चूक दुसऱ्यात जाऊन वाढू शकते; अशा वेळी चूक किती, याचा अंदाज घ्यायला ही युक्ती वापरता येते.

१९२० मध्ये हवामान खाते वायुदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. १९५० मध्ये संगणकाने काढलेला पहिला हवामान अंदाज त्यांना पाहायला मिळाला. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्ही वह्या तपासतो, तेव्हा खोडरबराने पुसलेली गणिते फार दिसतात. मुलांनो, चुकलेली पायरी पुसू नका. पालकांनीही त्यावर रागावू नये. चूक दिसली, तरच ती सुधारता येते.